टेलफरांची तपकीर

टाचेच्या कडेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजा साडेअकरा इंच भरला. मी फीत पुन्हा लावली, या वेळी दुसऱ्या बाजूनं. साडेअकराच.

"बरोबर आहे," मिस ग्रिझेल म्हणाल्या आणि त्यांनी लोकर तोडली. "मिशनच्या पेटीत जाईल हा जोड. आफ्रिकेला."

त्यांच्या भावाचे, म्हणजे गावच्या पाळकांचे बूट सकाळीच मी विस्तवापासून दूर सरकवले होते. ते दहा इंचांच्या वर नव्हते. पेटीत टाकायचा मोजा दोनदा मोजून घेण्याचं कारण मला कळेना.

"आफ्रिकेत सगळ्यांचेच पाय एवढे असतात का?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

मिस ग्रिझेलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्या लोकरीची टोपली उचलून आत गेल्या. कोपऱ्यात बटाटे सोलणारी बेथिया मान वर न करता म्हणाली, "आफ्रिकेत न्हाई, बाई. शाळंत."

बेथिया त्या घरची जुनी मोलकरीण. ती स्कॉटलंडच्या खेड्यातली रांगडी बोली बोलायची. आज चाळीस वर्षांनी तिचं बोलणं मला आमच्या नगरकडच्या बोलीतच आठवतं, म्हणून तसंच लिहिते.

मी एडिंबरोला डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षेनंतर तापानं पडले, आणि मला हिंदुस्थानातून शिकायला आणणाऱ्या समितीच्या बायकांनी हवापालटासाठी मला किलब्रेडन नावाच्या गावी रेव्हरंड आर्चिबाल्ड लॉरी यांच्या घरी पाठवलं. गावात एकशे चाळीस माणसं आणि मोजता येणार नाहीत इतक्या मेंढ्या होत्या. माझे वडीलही पाद्री, त्यामुळे पाळकाच्या घरचा शिरस्ता मला नवा नव्हता. प्रभुवारी, म्हणजे रविवारी, चूल पेटायची नाही, शिळं मांस थंडच खायचं, शिट्टी वाजवायची नाही, ऐहिक गोष्ट बोलायची नाही. शिट्टीची बंदी आमच्या घरी नव्हती, कारण वाजवता कुणालाच येत नव्हती.

मि. लॉरी विधुर होते. साठीचे, प्रेमळ, आणि स्वतःच्या कपाळावरचा चष्मा स्वतःच शोधणारे. मिस ग्रिझेल त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. वहिनी वारल्यापासून त्याच घर चालवत होत्या.

दर गुरुवारी सातच्या ठोक्याला शाळेचे मास्तर येत. टॉमस गिलक्रिस्ट. दारातून येताना वाकावं लागे एवढा उंच माणूस. ते आले की मी त्यांच्या पायांकडे बघितलं आणि आफ्रिकेचा प्रश्न सुटला. ते पाळकांबरोबर पटावर सोंगट्यांचे तीन डाव खेळत, तिन्ही हरत, मिस ग्रिझेलच्या हातून चहा घेत आणि नऊ वाजता जात. चहा घेताना ते "आभारी आहे" म्हणत. मी पाहिलेल्या पाच गुरुवारी त्यांचं आपसातलं बोलणं एवढंच झालं.

"ह्ये काय चाललंय?" असं मी बेथियाला विचारलं. तिच्या संगतीत माझी जीभही तशीच वळायला लागली होती.

"वाट बघत्यात मास्तर," बेथिया म्हणाली.

"कशाची?"

"उत्तराची. नऊ वर्सं झाली. त्येंनी लगनाचं इचारलं, बाईसाहेब म्हनल्या, इचार करून सांगते. तवापासून त्या इचार करत्यात."

"आणि मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही?"

"घाई केल्यावानी दिसंल ना! म्हनून दर गुरुवारी नुसतं येऊन बसत्यात. उत्तर आलंच तर मानूस जाग्यावर पायजे." तिनं बटाटा पाण्यात टाकला. "पर आता त्येंनी समुद्राकडल्या शाळंला अर्ज केलाय. तिकडनं बोलावणं आलंय. सोमवारच्या टपालानं हो का न्हाई कळवायचं. हो कळवलं की गेलं मानूस. मंग बाईसाहेबांनी खुशाल इचार करावा, मरंपातुर."

"पण बाईंच्या मनात आहे ना?"

"बाराशे मोजे इणलेत. तुमीच सांगा."

बाराशे हा आकडा मी नंतर तपासला. माडीवरच्या पेटीत त्याच मापाचे अठरा जोड होते. वर्षाला दोन. बेथियाला आकड्यांचं वावडं होतं, पण निष्कर्ष बरोबर होता.

मग अडत होतं कुठे? ते मला शनिवारी कळलं.

शनिवारी दुपारी मिस ग्रिझेल विहिरीच्या पायरीवरून घसरल्या. मी घोटा तपासला. हाड शाबूत होतं, पण सूज चांगली लिंबाएवढी वर आली होती. मी थंड पाण्याची पट्टी बांधली आणि म्हणाले, "चार दिवस पाय टेकायचा नाही."

"उद्या प्रभुवार आहे."

"देव समजून घेईल."

"देवाचं नाही हो मिस रणभिसे," त्या म्हणाल्या आणि एकदम रडू लागल्या. इतकी नेटकी बाई रडताना बघून मी गोंधळले आणि पट्टी दुसऱ्यांदा बांधली.

मग त्यांनी दार लावायला सांगून मला सगळं सांगितलं. त्या गावात कागदावरून उपदेश वाचणारा पाळक चालत नसे. वाचून दाखवतो तो पोस्टमन, पाळक नव्हे, असं लोक म्हणत. आधीच्या पाळकाच्या हातात कागद दिसला, तर मंडळी उठून बाहेर जाऊन उभी राहिली होती. उपदेश तोंडपाठ हवा. आणि मि. लॉरींची आठवण अकरा वर्षांपूर्वीपासून दगा देऊ लागली होती. म्हणून शनिवारी मिस ग्रिझेल त्यांच्याकडून उपदेश म्हणून घेत, आणि रविवारी पुलपीटाच्या, म्हणजे उपदेशाच्या उंच मंचाच्या, थेट खालच्या बाकावर बसून खुणा करत. उजवा हातमोजा काढला की पहिला मुद्दा संपला, दुसरा घ्या. डावा काढला की तिसरा. तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली की समारोप. आणि रुमाल नाकाला लावला की काहीतरी गाळलंत, त्या मुद्द्याच्या आरंभाकडे परत जा.

"कुणालाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कळलं तर आर्चीला म्हातारपणी घराबाहेर काढतील."

"आणि मास्तर?" मी विचारलं.

त्यांनी पायावरची पट्टी चाचपली. "चर्चमध्ये प्रत्येक घराचा बाक ठरलेला आहे. पुलपीटाखालचा बाक पाळकाच्या घरच्यांचा. मी लग्न केलं, की मला शाळेच्या बाकावर बसावं लागेल."

"मग?"

"तो खांबाच्या मागे आहे."

शरीरशास्त्रात मी बरेच अडथळे शिकले होते. नऊ वर्षांचं लग्न एका खांबानं अडलेलं मी प्रथमच बघत होते.

"उद्या तुम्ही बसा माझ्या जागी," मिस ग्रिझेल म्हणाल्या. "तुम्ही आमच्या घरच्याच आहात. चार तर खुणा. तुम्हाला दोनशे सहा हाडं पाठ आहेत."

मी उपदेश सात वेळा वाचला. बायबलमधल्या योनाची गोष्ट होती; देव त्याला निनवे शहरी उपदेशाला जायला सांगतो. पहिला मुद्दा, योना पळतो. दुसरा, योना माशाच्या पोटात पस्तावतो. तिसरा, योना निनवेला जातो. संध्याकाळी आम्ही तालीम केली. पाळक पलंगाच्या दांडीला पुलपीट समजून उभे राहिले, मी हातमोजे काढले-घातले, मिस ग्रिझेल पाय उशीवर ठेवून बघत होत्या. एकही चूक झाली नाही.

"मिस रणभिसे," पाळक म्हणाले, "तुमच्या हातात मी निर्धास्त आहे."

रविवारी मी मिस ग्रिझेलचे राखाडी हातमोजे घालून बाकावर बसले. माझ्या मागच्या बाकावर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या 'वडिलां'पैकी सर्वांत थोरले, अँड्रू टेलफर नावाचे शेतकरी, सहकुटुंब बसले होते. पुलपीटाच्या पायथ्याशी, मंडळीकडे तोंड करून मास्तर बसले होते. स्तोत्रांचा सूर धरण्याचं काम त्यांचं. मला त्या जागी बघून त्यांचा चेहरा असा पडला, की पहिलं स्तोत्र त्यांनी फार खाली धरलं आणि बायकांना गाताच येईना.

उपदेश सुरू झाला. योना उठला, याफोला गेला, तार्शीसला जाणारं जहाज त्यानं शोधलं. पाळक छान बोलत होते. मी उजव्या हातमोज्याची बोटं एकेक करून सैल करू लागले.

तेवढ्यात खांद्यावरून एक हात पुढे आला. त्यात मेंढ्याच्या शिंगाची डबी होती. त्या गावी उपदेशाच्या वेळी तपकीर बाकाबाकावरून फिरवायची रीत होती, म्हणजे झोप येत नाही. घराबाहेरच्या माणसाला डबी पुढे करणं हा मोठा मान, हे मला बेथियानं सांगितलेलं होतं. नाही म्हटलं तर अपमान झाला असता. तपकीर मला नवीन नव्हती. माझी आत्या ओढायची. मी मागे वळून मान लववली आणि चिमूटभर घेतली.

आत्याची तपकीर आणि टेलफरांची तपकीर यांत दुधात आणि चुन्यात असतो तेवढा फरक होता.

मला शिंक आली. मोठी. मी, लहानपणापासून आईनं शिकवल्याप्रमाणे, रुमाल नाकाला लावला.

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव आला, आणि ते म्हणाले, "तर, प्रियजनहो, योना उठला."

योना पुन्हा उठला, पुन्हा याफोला गेला. माझ्या मागे कुणीतरी खोल श्वास सोडला. मी रुमाल मांडीखाली ठेवून त्यावर घट्ट बसायचं ठरवत होते, तोच दुसरी शिंक आली. शिंक थांबवण्यासाठी नाकाच्या वरच्या भागावर बोट दाबावं असं आम्हाला शिकवलं होतं. मी दाबलं. उपयोग झाला नाही. रुमाल आपोआप वर गेला.

"तर, प्रियजनहो," पाळक म्हणाले. आपण नेमकं काय गाळतो आहोत हे आठवण्याचा ते जिवापाड प्रयत्न करत होते. "योना उठला. त्यानं... त्यानं कदाचित न्याहारी केली."

न्याहारी मूळ मजकुरात नव्हती. मी मानेनंच नाही नाही करत होते, पण मानेची खूण आमच्यात ठरलेली नव्हती. मास्तर आपल्या जागेवरून पुलपीटाकडे मान वळवू शकत नव्हते. ते माझ्याकडे बघून नुसते रुमाल खाली, रुमाल खाली असं भुवयांनी सांगत होते. त्याच वेळी तिसरी शिंक आली.

पाळक योनाला चौथ्यांदा उठवणार, तोच अँड्रू टेलफर उभे राहिले. उपासनेत कुणी मध्येच उभं राहिलेलं त्या गावानं आधीच्या पाळकानंतर पाहिलं नव्हतं.

"पाळकसाहेब," ते मोठ्यानं म्हणाले, "ती पोरगी नुसती शिंकतेय. माझी तपकीर लागलीय तिला. तुम्ही चला पुढं."

मि. लॉरींनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"टेलफर," ते पुलपीटावरूनच हळू म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आधी योनाला जहाजात बसवा," टेलफर म्हणाले. "मग बोलू." आणि ते खाली बसले.

पाळकांनी योनाला जहाजात बसवलं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. खुणा नसल्यानं माशाच्या पोटातला अख्खा मुद्दा राहून गेला आणि योना जहाजातून थेट निनवेला उतरला. एरवी बावन्न मिनिटं चालणारा उपदेश, तीन सुरुवाती धरून, चौतीस मिनिटांत आटोपला.

बाहेर दाराशी पाळक दरवेळेप्रमाणे हात मिळवायला उभे राहिले. मी शेजारी उभी राहून "माझी चूक, माझी चूक" म्हणत होते. कुणी माझ्याकडे लक्ष देत नव्हतं.

"कधीपासून?" त्यांनी टेलफरांना विचारलं.

"अकरा वर्षं होतील."

"आणि आणखी कुणाला?"

टेलफरांनी आजूबाजूला पाहिलं. सगळी मंडळी आपापल्या बुटांकडे बघत होती. "कुणाला नाही, ते सांगणं सोपं जाईल," ते म्हणाले. "एक आंधळी मिसेस गौडी आहे. तिला तिची सून सांगते."

"मग बोलला का नाहीत?"

"सोय होती ना! उपदेश चालू असताना घड्याळ काढणं बरं दिसत नाही. डावा हातमोजा निघाला की आमची ही टोपीची फीत बांधायला घेते. पेपरमिंट पडलं की पोरं जागी करायची. आज उजवा हातमोजा निघेचना, तेव्हा आता इथेच संध्याकाळ होते असं मी धरून चाललो."

"माझी आठवण गेली आहे, टेलफर," पाळक म्हणाले. "तुम्हाला दुसरा पाळक बघायला हवा. मी तसं लिहून देतो."

"कागद आणा की वर."

"तुम्हीच आधीच्या पाळकांना कागदासाठी..."

"ते तीस वर्षांचे होते. आळशी. तुमचं वेगळं आहे. माझ्या चार मुलांना तुम्ही पुरलंत आणि प्रत्येक वेळी नावं बरोबर घेतलीत." टेलफरांनी टोपी डोक्यावर घातली. "कागद बायबलच्या आत ठेवा, म्हणजे आम्हाला दिसला नाही असं म्हणता येईल. आम्ही डोळे मिटूनच ऐकतो. आणि त्या मिस ग्रिझेलला सांगा, उन्हाळ्यात हातमोजे घालून घामाघूम व्हायची गरज नाही."

आम्ही घरी निघालो. मास्तरही आमच्याबरोबर चालू लागले. रविवारी ते आमच्या घरी कधी येत नसत. वाटेत ते एकदाच बोलले. "मिस रणभिसे, तपकीर जिभेखाली ठेवली तर शिंक येत नाही." मी ते वहीत टिपून ठेवलं. नंतर कळलं की खोटं आहे.

मिस ग्रिझेल जेवणाच्या टेबलाशी पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. थंड मांस आणि पाव मांडलेला होता. भावाचा चेहरा बघून त्या उठू लागल्या, मी त्यांना बसवलं.

"सगळ्यांना ठाऊक आहे, ग्रिझेल," पाळक म्हणाले.

"काय?"

"हातमोजे. पेपरमिंट. सगळं."

त्यांचा रंग उतरला. "टेलफरांना?"

"मिसेस गौडींनासुद्धा."

"त्यांना तर दिसत नाही!"

"सून सांगते."

मिस ग्रिझेलनी डोळे मिटले. मला वाटलं भोवळ येते आहे, म्हणून मी मनगट धरलं. नाडी जलद होती, पण भरलेली. "काढून टाकणार का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही. कागद आण म्हणतात."

"कागद? किलब्रेडनमध्ये?"

"बायबलच्या आत घालून." पाळक खुर्चीत बसले आणि अचानक त्यांना हसू आलं. "ग्रिझेल, मी आज योनाला न्याहारी दिली."

"अकरा वर्षं," मिस ग्रिझेल म्हणाल्या. "अकरा वर्षं मी खोकला आला तरी गिळला. पडशानं नाक गळत होतं, तरी रुमाल काढला नाही. ते पेपरमिंट मला सोसत नाही. आणि कुणालाच फसवत नव्हते मी?"

"मला पहिल्या रविवारीच कळलं होतं," दाराशी उभे असलेले मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या घरात ते एवढं लांब वाक्य बोललेले मी प्रथमच ऐकत होते.

"तुम्हाला?"

"मी तुमच्या समोरच बसतो, मिस लॉरी. दुसरीकडे बघत नाही."

पाळक पावाला लोणी लावत होते. "मास्तर, तुम्ही समुद्राकडे निघालात म्हणे? उद्या पत्र टाकणार? वाईट वाटतं हो मला. गुरुवारी आता मी कुणाला हरवू?"

"पत्र लिहून ठेवलं आहे," मास्तर म्हणाले.

"काय लिहिलंत?" हे मिस ग्रिझेलनी विचारलं.

"दोन पत्रं लिहिली आहेत."

बेथिया मिठाची वाटी घेऊन आत आली होती, ती तिथेच उभी राहिली.

"आर्ची," मिस ग्रिझेल म्हणाल्या, "कागदावर अक्षर मोठं काढावं लागेल. तुला जमेल?"

"जमेल की."

"तुझं तुला? शनिवारी?"

"माझं मला." पाळकांनी लोण्याची सुरी खाली ठेवली आणि चष्म्यावरून बहिणीकडे नीट पाहिलं. मला वाटतं, कित्येक वर्षांत प्रथमच. मग ते मास्तरांकडे वळले, मग परत बहिणीकडे. "अरे," ते म्हणाले. "अरे देवा. ग्रिझेल, इतके दिवस? माझ्यामुळे?"

"पाद्रीसायेब," बेथिया म्हणाली, "जरा गप ऱ्हावा आता."

मिस ग्रिझेलनी माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं. दुखरा पाय स्टुलावरून खाली घेतला. मी "चार दिवस" असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. टेबलाला धरून त्या उभ्या राहिल्या, एका पायावर, पण ताठ.

"आज प्रभुवार आहे, मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "ऐहिक गोष्ट बोलू नये. तरी बोलते. टॉमस, जायचं म्हणणारं पत्र फाडून टाका. मी तुमच्याशी लग्न करणार आहे."